माझ्या झोपेची सरासरी

तुमची झोप समाधानकारक आहे, असं विमा कंपनीनं मला लेखी कळवलं, तेव्हा ते पत्र वाचता वाचताच मला झोप लागली होती. विनोद म्हणून सांगत नाही. पत्र इंग्रजीत होतं, दोन पानांचं होतं, आणि दुसऱ्या पानावर तिसऱ्या-चौथ्या ओळीला माझी मान खाली गेली. जाग आली तेव्हा चहावर साय धरली होती आणि बायको समोर उभी होती.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"मी छान झोपतो असं लिहिलंय."

एरवी असल्या वाक्यावर ती मला सोडत नाही. त्या दिवशी तिनं कप उचलला, आत गेली आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला. मला वाटलं, आम्ही मागितलेल्या मशीनला नकार आला म्हणून हिरमुसली असेल. त्या वर्षात मी ज्या ज्या गोष्टी चुकीच्या समजलो त्यांची यादी केली, तर ही बरीच वर येईल.

मी पंचवटीतल्या एका शाळेत गणित शिकवतो. राहायला नाशिकरोडला, जेल रोडवर. तीस वर्षं वर्गात उभं राहून दुसऱ्यांना झोप आणणारा माणूस आता स्वतःच पेंगायला लागला, ही सुरुवातीला स्टाफरूममध्ये मोठी गंमत होती. घोरणं तर जुनंच. लग्नकार्यात मुक्काम असला की इतरांच्या गाद्या माझ्यापासून किती लांब घालायच्या यावर चर्चा व्हायची आणि मीही तीत हसत भाग घ्यायचो. घोरणाऱ्या माणसाला वाटतं आपली झोप गाढ आहे. मलाही तसंच वाटे. फक्त एवढी गाढ झोप घेऊन सकाळी उठल्यावर अंग आंबलेलं का असतं, हे काही केल्या सुटत नव्हतं.

सहामाही परीक्षेत सुपरव्हिजन करताना मी खुर्चीत झोपलो. मुलं म्हणाली, सर, आम्ही कॉपी केली नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मग एके दिवशी शाळेतून येताना द्वारकेच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या झोपलो. दोन्ही पाय खाली टेकलेले, हात हँडलवर आणि मी गेलेला. सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला असावा, कारण मागचा टेम्पोवाला खाली उतरून माझा खांदा हलवत होता. हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता आणि मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. घरी आल्यावर मी हा किस्सा रंगवून सांगितला. बायको नामपूरकडची. इतकी वर्षं शहरात काढली तरी घाबरली की अहिराणीत जाते. "काय व्हयनं तुमले?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्कूटरची किल्ली जागेवर नव्हती. मी सिटी बसनं शाळेत जायला लागलो आणि शेवटच्या स्टॉपला कंडक्टर मला उठवायला लागला.

छातीच्या डॉक्टरांनी एक रात्र दवाखान्यात झोपवून, अंगाला वायरी लावून तपासणी केली. या दुखण्याला स्लीप ॲपनिया म्हणतात, हे तिथं कळलं. झोपेत घसा मिटतो आणि श्वास थांबतो.

"तासाला तीसपेक्षा जास्त वेळा थांबतोय," डॉक्टर म्हणाले.

"थांबतो म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी जास्त. मग मेंदू दचकून जागं करतो. यांना ते आठवत नाही."

"आणि नाही केलं जागं तर?"

डॉक्टरांनी कागदाकडे बघत सांगितलं, "हृदयावर ताण येतो. म्हणून तर मशीन घ्यायचं."

तिचा प्रश्न वेगळा होता आणि उत्तर वेगळं मिळालं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी समोरच्या कागदावरच्या आलेखात गुंतलो होतो. आलेख चांगला काढला होता.

पहिलं मशीन घेतलं ते साधं होतं. उशाशी एक डबा, त्यातून नळी, नळीला मास्क. मास्क नाकावर बांधून झोपायचं आणि डबा रात्रभर एकाच जोरानं हवा आत ढकलत राहतो, म्हणजे घसा मिटत नाही. श्वास आत घेताना बरं वाटतं. बाहेर सोडताना मात्र समोरून वारा अंगावर घेत सायकल मारल्यासारखं होतं. तासाभरात जीव कासावीस व्हायचा आणि मी झोपेतच मास्क ओढून काढायचो. डॉक्टर म्हणाले, हे काही जणांना सोसत नाही. याच्या वरचं मशीन आहे, त्यात दोन प्रेशर असतात, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी. तसं पत्र त्यांनी लिहून दिलं. आमच्या शिक्षक सोसायटीच्या ग्रुप पॉलिसीत अशी उपकरणं बसतात, तेव्हा आधी मंजुरी घ्या, असंही सांगितलं.

पॉलिसीचं काम बघणारा एजंट माझाच जुना विद्यार्थी निघाला. आता चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला. नववीत मी त्याला गणितात दोन मार्कांसाठी नापास केलं होतं. त्याची आई रडत घरी आली होती, तरी मी ते दोन मार्क दिले नव्हते. तो हे विसरला नव्हता, पण मनातही ठेवलं नव्हतं. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले.

"सर, दोन अटी आहेत," तो म्हणाला. "एक, जुनं मशीन तुम्ही तीन महिने रोज रात्री कमीत कमी चार तास वापरलं पाहिजे. दोन, वापरूनही त्याचा पुरेसा उपयोग होत नाही, असं दिसलं पाहिजे."

"अरे, पण मला ते चार तास सहनच होत नाही. म्हणून तर नवं हवंय."

"बरोबर आहे, सर."

"मग चार तास कसं वापरू?"

"वापरावं लागेल. नाहीतर ते म्हणणार, आहे तेच वापरत नाहीत, वरचं कशाला द्यायचं?"

"आणि वापरलं आणि उपयोग झाला तर?"

"मग म्हणणार, उपयोग होतोय, वरचं कशाला द्यायचं?"

माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात असलं उदाहरण नव्हतं. जे मला करता येत नाही ते मी रोज करून दाखवायचं, आणि करून दाखवल्यावर त्याचा काही फायदा नाही हेही दाखवायचं. मी ते दोनदा वहीत मांडून पाहिलं आणि दोन्ही वेळा माझाच गोंधळ झाला. एजंट मात्र शांत होता. नववीत बीजगणितासमोरही तो असाच शांत असायचा.

बायको पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं, "चार तास सलग लागतात, की मधे काढून परत लावलं तर चालतं?"

"चालतं काकू. एकूण बघतात. मशीनमध्ये कार्ड असतं, त्यात सगळं आपोआप उतरतं."

"म्हणजे हजेरीसारखं."

"अगदी तसंच."

इथं आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. महिनाअखेरीला माझ्या वर्गाच्या हजेरीपटाची बेरीज बायको करते. लग्नानंतर वर्षभरात मी तिला शिकवलं आणि तेव्हापासून ते काम तिचं झालं. उभी बेरीज, आडवी बेरीज, दोन्ही जुळल्या की खाली लाल शाईची रेघ. एखादा रकाना रिकामा राहिला तर पोराची शिष्यवृत्ती अडकते, फॉर्म परत येतो, पालक खेटे घालतात, हे तिनं इतकी वर्षं पाहिलंय. त्यामुळे रिकाम्या रकान्याची तिला जी भीती आहे ती मला पाल दिसल्यावर वाटते तेवढी आहे. एजंट "अगदी तसंच" म्हणाला तेव्हा ती क्षणभर लाटणं धरून थांबली होती. ते मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला की पोळी चिकटली असेल.

ते तीन महिने माझ्यासाठी विचित्र गेले. सकाळी उठलो की मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसे, पाच तास चाळीस मिनिटं. पाच तास पस्तीस. एखाद्या दिवशी सहा. मी खूष. म्हणजे जमतंय तर. मास्क उशाशी नीट ठेवलेला असे, नळी गुंडाळलेली. पहाटे कधीतरी आपणच काढून ठेवत असू, असं मी धरून चाललो. झोपलेला माणूस नळीची अशी व्यवस्थित गुंडाळी करत नाही, एवढं साधं तर्कशास्त्र मला सुचलं नाही. उलट आपल्याला झोपेतही शिस्त आहे, याचं मला थोडं कौतुक वाटलं.

पण दिवसा काही फरक नव्हता. पहिल्या तासाला फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता खडू खाली घसरायचा. जेवताना घास हातात राहायचा. आकडा म्हणत होता की मी झोपतोय आणि अंग म्हणत होतं की नाही. मी आयुष्यभर आकड्याची बाजू घेतलेली, त्यामुळे अंगाला गप्प बसवलं. रात्री मधूनच बायकोचं कोपर बरगडीत लागून जाग यायची, तर झोप पुरी न होण्याचं खापर मी त्यावर फोडलं. डॉक्टरांकडे तशी तक्रारही केली, तिच्यादेखत. डॉक्टर हसले. ती म्हणाली, "आता जपून झोपेन."

आणि मग ते पत्र आलं. शांतपणे वाचल्यावर त्यातून एवढं कळलं, की रुग्ण मशीन नियमित वापरतो. वापरताना तासाला श्वास थांबण्याची सरासरी चार पूर्णांक दोन आहे. पाचच्या आत म्हणजे उत्तम. सबब सध्याचं मशीन परिणामकारक असून वरच्या मशीनची गरज सिद्ध होत नाही.

माझं डोकं फिरलं. एजंटच्या मोटारसायकलवर मागे बसून मी कॉलेज रोडवरच्या त्या ऑफिसात गेलो, जिथं असे क्लेम तपासतात. तिसरा मजला, काचेचं दार, आत इतका थंडगार एसी की झोप न आलेल्यालाही यावी. काउंटरवरच्या बाई नम्र होत्या.

"सर, तुमचा रिपोर्ट फार चांगला आहे," त्या म्हणाल्या.

"पण मला झोप लागत नाही."

"रिपोर्टमध्ये लागतेय, सर."

"मी आत्ता तुमच्यासमोर जांभई दिली."

"ते इथं मोजत नाहीत."

एजंटनं मधे पडून मला समजावलं, "सर, सरासरी चार येतेय ना. सरासरी म्हणजे सगळं मिळून..." तीस वर्षं सरासरी शिकवणाऱ्या माणसाला त्याचा नापास विद्यार्थी सरासरी शिकवत होता, आणि मला त्याच्यावर ओरडताही येईना, कारण तो बरोबर होता. अपिलाची सोय आहे, असं बाईंनी सांगितलं. त्याला रात्रीनिहाय, तासनिहाय सविस्तर रिपोर्ट लागेल. तो मशीन जिथून घेतलं तिथं मिळेल.

डॉक्टरांना फोन केला. तेही चक्रावले. "रिपोर्ट चांगला दिसतोय, पण तुम्ही चांगले दिसत नाही," ते म्हणाले. "सविस्तर काढाच."

घरी सांगितलं तर बायको एकदम म्हणाली, "कशाला? राहू द्या ते अपील. आपण आपलं घेऊन टाकू नवं मशीन."

"का म्हणून? नियमात बसतं ते सोडायचं?"

"इतके खेटे घालण्यापेक्षा..."

"प्रश्न खेट्यांचा नाही. त्यांचा आकडा चूक आहे आणि मी तो चूक म्हणून दाखवणार."

मी तावातावानं बोलत राहिलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वादच घालत नाहीये, हेही मला नवलाचं वाटलं आणि त्याचंही मी काही केलं नाही. मशीनचं कार्ड तिनं स्टीलच्या एका छोट्या डबीत ठेवलं होतं. डबी माझ्या हातात द्यायच्या ऐवजी पर्समध्ये टाकत ती म्हणाली, "मी पण येते."

मशीनचं दुकान मुंबई नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वर. दुपारची वेळ होती. तिथल्या टेक्निशियन बाईंनी आम्हाला मशीन कसं लावायचं ते शिकवलं होतं, त्यामुळे ओळख होती. त्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि एकेक रात्र उघडायला सुरुवात केली. पडद्यावर श्वासाची रेघ वर-खाली होत सरकू लागली.

"हा पहिला तास," त्या म्हणाल्या. "इथं बघा, थांबला. इथं थांबला. परत इथं. तासात चोवीस वेळा. हे मशीन तुम्हाला पुरत नाहीये, सर. हे तर सरळ दिसतंय."

"मग चार कुठून आले?"

"थांबा. इथं मास्क निघाला. चार मिनिटं बंद. मग परत लागला." त्यांनी पुढची रात्र उघडली, मग त्याच्या पुढची. "रोजच. तासाभरानं निघतो, चार-पाच मिनिटांत परत लागतो. आणि परत लागल्यावर पहाटेपर्यंत एकदाही श्वास थांबलेला नाही. रात्रभरात तेच चोवीस, भागिले पावणेसहा तास."

चोवीस भागिले पावणेसहा, हे मी मनातल्या मनात केलं. चार पूर्णांक काहीतरी. आकडा चुकीचा नव्हता. मी पडद्याजवळ सरकलो. पहिल्या तासातल्या लाटा मोठ्या आणि दूर दूर होत्या. नंतरच्या लहान, जवळ जवळ. मी बोट ठेवून मोजल्या. आधी मिनिटाला बारा, नंतर अठरा. एकाच वर्गाच्या हजेरीत दोन वेगळी अक्षरं दिसावीत, तसं ते होतं.

"सर, हे मशीन घरात आणखी कोणी वापरतं का?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "मी भरले."

"काय भरलंस?"

"तास. तुम्ही काढून फेकायचे. चार तास भरायला पाहिजेत असं तो म्हणाला होता ना. तुम्हाला परत लावायला गेले तर तुम्ही हात झटकायचे. एकदा तर झोपेत मला बाकावर उभं राहायला सांगितलंत. मग मी माझ्या नाकाला लावलं. पट्टी थोडी आवळावी लागायची."

मी त्या दुकानात ओरडलो. त्याची लाज अजून वाटते. म्हणालो, तीस वर्षांत मी कुणाचा एक मार्क वाढवला नाही, कुणाची एक हजेरी खोटी लावली नाही, आणि माझ्याच घरात माझ्याच नावावर हे? आता ते मला खोटारडा म्हणतील, पॉलिसी बंद करतील, सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि वर आपलं काम आपल्याच हातानं बिघडलं. नुसते माझेच तास गेले असते तर निदान खरं तरी दिसलं असतं. बायको खाली बघत होती. तिच्या मते तिनं रकाना रिकामा राहू दिला नव्हता, आणि त्यात चुकलं कुठं ते तिला अजून कळत नव्हतं.

टेक्निशियन बाई माझं ओरडणं संपायची वाट बघत होत्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, एक सांगू? हा नंतरचा श्वास झोपलेल्या माणसाचा नाही."

"म्हणजे?"

"झोपलेल्याचा श्वास एका चालीनं येतो. हा बघा. मधेच लांब सोडलाय. इथं गिळलंय. इथं थांबून काहीतरी बोलल्यासारखं आहे. माणूस जागा असताना असा येतो." त्यांनी आणखी दोन-तीन रात्री उघडून पाहिल्या. "पहाटेपर्यंत असाच आहे. रोज."

मी बायकोकडे पाहिलं. "तू झोपत नव्हतीस?"

"झोपले असते तर तुम्हाला कोणी हलवलं असतं?" ती म्हणाली. "मास्क काढला की तुमचा श्वास थांबायचा. मी दहापर्यंत मोजायचे. नाही आला तर हलवायचे."

कोपर. मी डॉक्टरांपुढे तिच्या कोपराची तक्रार केली होती.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग कुठे गेला ते कळलं नाही आणि त्याच्या जागी काय आलं त्याला नाव देता येईना. दवाखान्यात तिनं विचारलं होतं, मेंदूनं जागं केलं नाही तर काय. त्याचं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं, म्हणून ते काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. आणि मी सकाळी उठून आकडा बघून खूष होत होतो. मला इतकं अपराधी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी सगळे रिपोर्ट छापून दिले. खाली एक नोंद करावी लागेल म्हणाल्या, पहिल्या तासानंतरचा वापर रुग्णाचा नाही अशी. किती रात्री, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "सगळ्या."

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. मी जे घडलं ते जसंच्या तसं लिहून, सही करून अपील केलं. एजंट म्हणाला, सर, असं लिहू नका, गोत्यात याल. मी ऐकलं नाही. महिनाभर काहीच आलं नाही. मग एक पत्र आलं की खुलासा मान्य नाही, मग दुसरं आलं की नव्यानं तपासणी करा, मग डॉक्टरांनी परत एक रात्र दवाखान्यात झोपवलं, आणि शेवटी मंजुरी आली. मंजुरीच्या पत्रात कारण म्हणून तेच कलम होतं जे नकाराच्या पत्रात होतं, आणि सरासरी तीच होती, चार पूर्णांक दोन. मी ती दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून अनेकदा वाचली आहेत. कोणत्या वाक्यामुळे नकार आला आणि कोणत्या वाक्यामुळे होकार, हे मला आजही समजलेलं नाही. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "मिळालं ना, सर? मग आता नका तपासू." नवं मशीन घरात आहे आणि मला ते सोसतं.

पण मला आठवत राहते ती दुकानातून परत यायची दुपार. मी मुंबई नाक्यावर अख्खी रिक्षा केली. आम्ही दोघं मागे बसलो, रिपोर्टांचं पाकीट माझ्या मांडीवर. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवत होतो. ते जुळेपर्यंत रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली होती आणि मी वळून पाहिलं तर बायको झोपली होती. मान माझ्या खांद्यावर, तोंड थोडं उघडं, हातातली पर्स निसटत आलेली. मी ती अलगद काढून घेतली. मग मी तिचा श्वास ऐकायला लागलो. रिक्षाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हता, म्हणून कान जवळ नेला. एका चालीनं येत होता.

मलाही भयंकर झोप येत होती. दुपारचे चार म्हणजे माझी सगळ्यात वाईट वेळ. डोळे मिटायला लागले की मी मांडीला चिमटा काढत होतो, कारण मी झोपलो असतो तर माझा खांदा खाली गेला असता आणि तिचं डोकं आपटलं असतं. सतराच्या पाढ्यापासून सुरुवात केली. एकोणिसावर आलो तेव्हा आमची गल्ली आली.

रिक्षावाल्यानं थांबवली आणि आरशातून पाहिलं. "आलं, काका."

मी हलकेच म्हणालो, "बिटको चौकापर्यंत जाऊन परत या."

"काही राहिलं का तिकडं?"

"नाही. नुसतं जाऊन या. सावकाश चालवा."